रॉड्रिग्ज हें आडनांव कोठून आलें?

भाईंदरहून उत्तनकडे जातांना डोंगरी, चौक, पाली हीं गांवें भेटतात. तेथील कोळ्यांच्या व शेतकऱ्यांच्या दारांवर रॉड्रिग्ज, गोन्साल्विस, परेरा, डिमेलो अशीं आडनांवें दिसतात. पाहुणा लागलाच म्हणतो, ‘इंग्रजी नांवें!’ आणि त्यामागून दुसरें अनुमान येतें कीं, हे लोक मूळचे बाहेरचे असावेत. हीं दोन्ही मतें तपासून पाहण्यासारखीं आहेत, असें आम्हांस वाटतें.

पहिलें मत तर सरळच चुकीचें आहे. हीं आडनांवें पोर्तुगीज आहेत. रॉड्रिग्ज म्हणजे रॉड्रिगोचा मुलगा. शेवटचा ‘एस्’ हा इंग्रजी जॉन्सनमधील ‘सन’प्रमाणे पुत्रत्व दाखवितो. एके काळीं हें नांव पिढीगणिक बदले. आपण मुलाच्या नांवापुढें बापाचें नांव लावतों, तसाच तो प्रकार. पुढें तें गोठलें व आडनांव बनलें. रॉड्रिगो हें नांव मूळचें जर्मानिक; कीर्ति आणि सत्ता या अर्थाच्या दोन शब्दांचा तो समास आहे. गॉथ लोकांनीं तें स्पेन-पोर्तुगालच्या भूमींत नेलें. इ.स. ७११ मध्यें अरब-बर्बर सेनेशीं लढतांना ज्याचें राज्य गेलें, त्या गॉथ राजाचें नांव हेंच होतें. परेरा म्हणजे नासपतीचें झाड. कार्व्हालो म्हणजे ओकवृक्ष. आपल्यांतही फणसे आणि आवळे आहेतच.

मग गॉथांचें नांव उत्तनच्या कोळ्यास कसें लाभलें? डिसेंबर १५३४ मध्यें गुजराथच्या बहादुरशहानें वसई व तिचा प्रदेश पोर्तुगीजांस दिला. त्यानंतर सुमारें दोनशें वर्षें धर्मोपदेशक येथें वावरले. बाप्तिस्म्याच्या वेळीं नव्या ख्रिस्त्यास नवें नांव मिळे आणि आडनांव बहुधा धर्मपित्याचें अथवा उपदेशकाचें लागे. म्हणजे आडनांव आलें तें रक्तानें नव्हे, संस्कारानें. ज्या झाडाचें फळ कोकणच्या किनाऱ्यावर कधीं पिकलें नाहीं, त्याचें नांव किनाऱ्यावरील घरास चिकटलें, तें असें.

चिमाजी आप्पांनीं मे १७३९ मध्यें वसई घेतली. पोर्तुगीज सत्ता गेली, आडनांवें राहिलीं. १७७४ मध्यें साष्टी इंग्रजांकडे गेली. पुढें १८८७ मध्यें, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षीं, या समाजानें ‘ईस्ट इंडियन’ हें नांव घेतलें. गोव्याहून येणाऱ्या, अशींच आडनांवें धारण करणाऱ्या ख्रिस्त्यांहून आपण निराळे, येथलेच भूमिपुत्र, हें त्यांस सांगावयाचें होतें. आडनांव ओळख पटविण्यास अपुरें पडतें, याची याहून स्पष्ट कबुली कोणती?

म्हणून कुळाचा शोध घेणाऱ्यास आमची सूचना अशी : शब्दाची व्युत्पत्ति शब्दाचाच प्रवास सांगते, घराण्याचा नव्हे. घराण्याकरितां चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह व मृत्यु यांच्या नोंदवह्या पिढी-पिढीनें मागें चाळाव्या. त्याचबरोबर घरांतली बोली, लग्नांतलीं गाणीं, होडीचा व शेताचा वारसा यांकडेही कान द्यावा. वसईचे फ्रान्सिस दिब्रिटो यांचें आडनांव पोर्तुगालांतील एका स्थळावरून आलेलें. पण २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद त्यांनीं भूषविलें तें मराठी लेखक म्हणून. दारावरची पाटी दूरदेशची असली, तरी उंबरठा येथलाच असूं शकतो. पाहुण्यानें अनुमान करण्यापूर्वीं आंत येऊन दोन शब्द बोलावे, एवढेंच आमचें म्हणणें.