नोंदवहीतले नाव आणि तारणाचे वचन

निजामाशी 1853 साली झालेल्या तहानंतर वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला आणि त्याच्या आग्नेय भागाचा वणी नावाचा जिल्हा झाला. 1905 साली दारव्हा व पुसद हे तालुके त्याला जोडून त्याचे नाव यवतमाळ असे करण्यात आले. माणसाचा भूतकाळ त्याला कुठवर चिकटून राहतो, या प्रश्नाची एकमेकांना छेद देणारी दोन उत्तरे या मुलखात जवळजवळ एकाच काळात आली. एक उत्तर पोलीस खात्याचे होते, दुसरे ख्रिस्ती मिशनचे.

मेजर गनथॉर्प या पोलीस अधिकाऱ्याने मुंबई इलाखा, वऱ्हाड आणि मध्य प्रांत येथे वावरणाऱ्या तथाकथित गुन्हेगार जमातींविषयीच्या टिपा 1882 साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या. कैकाडी, मांगगारुडी, भामटे, फासेपारधी अशा समाजांची बोली, वेश, हत्यारे आणि चोरीच्या रीती यांचे वर्णन जमातवार करणारे हे पुस्तक एका गृहीतावर उभे होते : गुन्हा हे एका माणसाचे कृत्य नसून संपूर्ण जमातीचा वारसा आहे. वऱ्हाडात पारध्यांची एक शाखा टाकणकार म्हणून ओळखली जात असे, कारण गावोगाव फिरून घरातल्या जात्यांना टाकी लावणे, म्हणजे झिजलेल्या दगडाला छिन्नीने पुन्हा खरखरीत करून देणे, हा तिचा धंदा होता. दळणाचे जाते घराच्या आत असल्याने टाकणकाराला आत बोलवावेच लागे, आणि पोटासाठी केलेला हाच घरातला वावर पोलिसांच्या नजरेत टेहळणी ठरे. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा आरंभी उत्तर हिंदुस्थानपुरता होता. 1911 च्या कायद्याने त्याची व्याप्ती साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानभर झाली, आणि जमात एकदा अधिसूचित झाली की तिच्या माणसांची नावे व बोटांचे ठसे नोंदवहीत घेण्याचा, त्यांना हजेरीला बांधण्याचा, वसाहतीत ठेवण्याचा आणि मुलांना आईबापांपासून वेगळे करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. नोंदवहीत नाव चढण्यासाठी कोणताही अपराध सिद्ध व्हावा लागत नसे. अपराध न करण्याने ते नाव आपोआप उतरतही नसे.

दुसरे उत्तर घेऊन आलेले फ्री मेथॉडिस्ट मिशन अमेरिकेतले होते. देवळातल्या बैठका पैसे घेऊन राखून ठेवण्याची प्रथा आणि गुलामगिरी या दोहोंना विरोध करीत हा पंथ 1860 साली तेथे स्थापन झाला होता. अर्नेस्ट व फीबी वॉर्ड हे त्याचे पहिले मिशनरी जोडपे 1881 च्या आरंभी मुंबईत उतरले, बऱ्हाणपूर आणि एलिचपूर या बाजूला त्यांनी काम केले, आणि शतक संपण्याच्या सुमारास यवतमाळ हे या मिशनचे मुख्य ठाणे बनले. पश्चात्ताप करून ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्याला पापाची क्षमा मिळते, ही शिकवण सर्वच प्रोटेस्टंट मंडळ्यांची आहे. या पंथाने तिच्या जोडीला संपूर्ण पवित्रीकरणाचा सिद्धान्त मांडला. म्हणजे देव जुना अपराध माफ करून थांबत नाही, तर पापाकडे ओढणारा स्वभावही याच जन्मी शुद्ध करतो. ज्या प्रदेशात राज्यकर्ते स्वभाव रक्तातून येतो असे कायद्याने सांगू लागले होते, तेथे हा सिद्धान्त किती टोकाचा होता, हे तो शिकवणाऱ्यांच्याही पूर्णपणे ध्यानात आले असेल, असे वाटत नाही. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांनंतर अनाथ मुलांचा सांभाळ आणि शाळा यांतच मिशनची बरीचशी शक्ती खर्च झाली.

क्षमेच्या या शिकवणीची खरी कसोटी महाराष्ट्रात दोन ठिकाणी लागली, आणि ती दोन्ही ठिकाणे यवतमाळबाहेरची आहेत.

पहिले पुणे जिल्ह्यातले केडगाव. पंडिता रमाबाई 1883 साली इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेथील वास्तव्यात लंडनच्या फुलम भागात वाँटेजच्या मठातील भगिनी चालवीत असलेले एक आश्रयगृह त्यांनी पाहिले. समाज ज्यांना पतित म्हणतो अशा स्त्रिया तेथे आजाऱ्यांची सेवा करीत होत्या. अशा स्त्रियांना शास्त्रात शिक्षा आहे, पण परतीची वाट नाही, हे रमाबाई लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. म्हणून या लोकांना अशा स्त्रियांविषयी कळवळा का वाटतो, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय, म्हणजे विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा, वाचून दाखवली. पाच नवरे होऊन गेलेली आणि सहाव्याशी लग्नाविना राहणारी ही स्त्री आपल्या गावाला येशूची वार्ता सांगणारी पहिली व्यक्ती ठरते. 1907 साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात रमाबाईंनी या प्रसंगाला आपल्या मतांतरात मोठे स्थान दिले आहे.

या कळवळ्याचे प्रत्यक्ष रूप दुष्काळानंतर दिसले. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात फिरून विधवा व मुली घेऊन आल्या, आणि मदत-छावण्यांच्या आसपास मुलींवर काय बेतते, हे त्यांनी उघडपणे लिहिले. 1898 साली केडगावात मुक्तिसदनाची रीतसर स्थापना झाली आणि तेथेच समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन नावाचे स्वतंत्र घर उभे राहिले. पावित्र्याची भाषा बोलणाऱ्या संस्थेने या स्त्रियांना वेगळ्या घरात ठेवावे, हे आज खटकते आणि ते खटकायलाच हवे; पण ज्यांना एरवी कोणतेच घर उघडे नव्हते, त्यांना येथे काम मिळाले, हेही तितकेच खरे. केडगावात शेती, दुग्धालय, विणकाम, तेलघाणा आणि छापखाना हे सारे स्त्रियाच चालवीत. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक मुळांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच छापखान्यात मुक्तीतल्या स्त्रियांनी खिळे जुळवून छापले, आणि रमाबाईंच्या मृत्यूनंतर, 1924 साली, ते पूर्ण प्रसिद्ध झाले. शोमरोनी स्त्रीची कथा त्यात अर्थातच आहे.

दुसरे ठिकाण सोलापूर. अधिसूचित जमातींच्या कुटुंबांना तारेच्या कुंपणात ठेवून गिरण्यांच्या कामाला लावणारी वसाहत तेथे उभी राहिली. लोकांच्या तोंडी ती ‘सेटलमेंट’ म्हणूनच राहिली, आणि तिचे व्यवस्थापन काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होते. मिशन शाळा चालवी, दवापाणी करी, उपासना घेई. परंतु हजेरी तेच घेई आणि बाहेर जाण्याचा पासही त्याच्याच हातून मिळे. उत्तरेत साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संघटनेने आपले नेते बूथ-टकर यांच्या पुढाकाराने 1908 पासून गोरखपूर भागात हेच काम पत्करले होते. दोन्हीकडे हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही, घोळ व्यवस्थेत होता. पश्चात्ताप हा ज्याने पाप केले त्याने करायचा असतो, आणि येथे तर ज्याने काहीच केले नव्हते असे मूलही जन्मतःच सुधारणेला पात्र समजले जाई. जन्मावर आधारलेला आरोप न नाकारताच मिशनने सुधारणेचे काम हाती घेतले, त्यामुळे क्षमेची जागा चांगल्या वर्तणुकीच्या दाखल्याने घेतली, आणि तो दाखला देणे न देणे सरकारच्या मर्जीवर राहिले. केडगावने समाजाचा शिक्का निदान आपल्या आवारात अमान्य केला होता. सोलापुरात शिक्का मारणाऱ्याचीच चाकरी पत्करावी लागली.

यवतमाळात पुढे ही चर्चा वर्गात गेली. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात फ्री मेथॉडिस्टांनी सुरू केलेल्या मराठी बायबल शाळेतून 1953 साली युनियन बिब्लिकल सेमिनरी घडली. हे अनेक पंथांनी मिळून चालवलेले, पाळक आणि धर्मशिक्षक तयार करणारे महाविद्यालय होते, आणि देशभरातले विद्यार्थी या लहानशा जिल्ह्याच्या गावी येऊन क्षमा, तारण आणि पवित्रीकरण यांचा अभ्यास करीत. सेमिनरी सुरू झाली त्याच्या आदल्याच वर्षी, 31 ऑगस्ट 1952 रोजी, गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला होता आणि त्याखालच्या जमाती ‘विमुक्त’ ठरल्या होत्या. पण सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे त्याच्या जागी आले आणि ठाण्यातला संशय जागचा हलला नाही. सेमिनरी 1983 साली पुण्यात बिबवेवाडीला गेली. पारधी बेडे, म्हणजे गावाबाहेरच्या पारध्यांच्या वस्त्या, यवतमाळ जिल्ह्यातच राहिले.

जन्माने लागलेला हा शिक्का पुसण्याचे काम अखेर धर्मपीठाऐवजी न्यायपीठापुढे आले. 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, यासाठी पोलिसांनी आधी घालून दिलेली मार्गदर्शक तत्त्वे पाळावीत, असे बजावले.