रूयी, मानपान आणि पॉट्सडामचा दरबार

संग्रहालयाच्या चिनी दालनात एक वस्तू मुलांना हमखास कोड्यात टाकते. किंचित वाकलेला दांडा आणि टोकाला ढगासारखे किंवा अळिंबीसारखे पसरट डोके. ना शस्त्र, ना अवजार. तिचे नाव 'रूयी', म्हणजे 'मनासारखे होवो'.

चिनी बादशहा हा शुभदंड मानाची भेट म्हणून देत. उत्तम रूयी जेडची. हा दगड इतका चिवट की तो पोलादाने कोरत नाहीत, कठीण वाळूने घासून घासून घडवतात. १७५९ मध्ये च्येनलुंग बादशहाने आजचा शिनच्यांग प्रांत जिंकला आणि तिथल्या नद्यांतले जेड दरबारात मुबलक येऊ लागले.

१४ सप्टेंबर १७९३ रोजी याच बादशहाने इंग्रज वकील लॉर्ड मॅकार्टनी याच्या हाती तिसऱ्या जॉर्ज राजासाठी जेडची रूयी दिली. हा मॅकार्टनी पूर्वी मद्रासचा गव्हर्नर होता. तीन वेळा गुडघे टेकून नऊ वेळा कपाळ जमिनीला लावण्याचा दरबारी रिवाज त्याने नाकारला व एकच गुडघा टेकला. रूयीचे त्याला फारसे मोल वाटले नाही. चिन्यांना मात्र ती शांततेची आणि सुबत्तेची खूण होती.

हे मानपान आपल्याला परके नाही. त्याच्या आदल्याच वर्षी महादजी शिंद्यांनी दिल्लीहून वकील-इ-मुतलकीची फर्माने व खिलत पुण्यात आणली. सवाई माधवरावांनी बादशहाच्या रिकाम्या तख्तापुढे तीनदा मुजरा करून १०१ मोहरांचा नजराणा ठेवला. वास्तविक तो बादशहा शिंद्यांच्याच आधारावर टिकून होता! नाना फडणिसांचा या समारंभाला विरोध होता. वस्त्र कोणी दिले, कोण वाकले, याचा अर्थ ते पुरते जाणून होते.

या कथेचा उत्तरार्ध जर्मनीत घडला. २० जून १९०० रोजी पेकिंगमध्ये जर्मन राजदूत केटेलर मारला गेला. बॉक्सर बंड मोडायला आठ राष्ट्रांच्या फौजा गेल्या. इंग्रजांच्या वतीने लढणारे बरेचसे शिपाई हिंदुस्थानी होते. पुढे चीनला माफीसाठी शिष्टमंडळ धाडावे लागले. बादशहाचा अठरा वर्षांचा धाकटा भाऊ राजपुत्र चुन बाझेलपर्यंत आला आणि अडला, कारण त्याच्या सोबत्यांनी कैसरपुढे चिनी पद्धतीने कपाळ टेकावे, अशी बर्लिनची मागणी होती. १७९३ मध्ये ज्या रिवाजाला युरोपने रानटी ठरवले, तोच आता युरोपला हवा होता. अखेर मागणी सोडण्यात आली. ४ सप्टेंबर १९०१ रोजी पॉट्सडामच्या नॉयेस पॅलेमध्ये चुनने माफीपत्र वाचले. विल्हेल्म सिंहासनावर बसूनच राहिला.

त्याच काळात पेकिंगच्या वेधशाळेतली ब्राँझची उपकरणे जर्मन फौजांनी उचलून आणली आणि सांसूसीच्या बागेत ऑरांझरीसमोर मांडली. ही काही भेट नव्हती, लूट होती. १९१९ च्या व्हर्साय तहाच्या १३१ व्या कलमाने ती परत करावी लागली. आज ती पुन्हा चीनमध्ये आहेत.

परदेशी राहून आपली मुले इथल्या संग्रहालयांत आशिया पाहतात. कारागिरीचे कौतुक त्यांनी जरूर करावे. पण प्रत्येक काचेपुढे एक प्रश्न विचारण्याची सवय आपण त्यांना लावावी, असे मला वाटते : ही वस्तू दिली गेली, विकली गेली, की नेली गेली? रूयी आणि वेधशाळेची उपकरणे, दोन्ही चीनमधून युरोपात आली. फरक समजायला हा प्रश्न पुरेसा आहे.