बसऱ्याच्या स्मारकावरचा आकडा
बोर्डीला जायचे तर घोलवड स्टेशनावर उतरतात. हा मार्ग पूर्वी बी.बी. अँड सी.आय. रेल्वेचा. पहिल्या महायुद्धात भारतातील रूळ, इंजिने आणि रेल्वे कामगार मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, गेले. बसऱ्याहून निघालेली मीटरगेज १९२० मध्ये बगदादला पोहोचली. बसऱ्याच्या युद्धस्मारकावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. गोऱ्या शिपायाचे नाव कोरलेले. हिंदी जवानांचा मात्र पलटणवार नुसता आकडा! आपल्याकडे मयताचे नाव घेऊन फातिहा पढतात. आकड्यावर कशी पढायची? १९९७ मध्ये सद्दामने ते स्मारक नासिरियाच्या रस्त्यावर, वाळवंटात हलवले. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने या भेदभावाबद्दल माफी मागितली ती २०२१ मध्ये.