पुरखा शिपाई: छत्तीसगढच्या नाचातील मराठी पूर्वजाचा शोध

नवा रायपूर येथे २००६ मध्ये ‘पुरखौती मुक्तांगण’ हे खुले संग्रहालय सुरू झाले. छत्तीसगढीत पुरखा म्हणजे पूर्वज. पुरखौती म्हणजे पूर्वजांकडून आलेले. कलाप्रकारांचेही पुरखे सांगितले जातात. छत्तीसगढच्या ‘नाचा’ या लोकनाट्याविषयी हिंदी व छत्तीसगढी लेखनात एक पुरखा पुन्हा पुन्हा भेटतो: नागपूरकर भोसल्यांच्या फौजेतील गाणारा शिपाई. तो लढाया करून आला, छावणीत तमाशासारखे काही करमणुकीचे खेळ करू लागला आणि त्यातून नाचा उपजला, अशी ही वंशकथा आहे. मराठी अभ्यासकाला ती सुखावणारी असल्यामुळेच तिची तपासणी अधिक कठोरपणे व्हावयास हवी. या पूर्वजाला व्यक्तिनाम नाही. तेव्हा त्याचे चरित्र लिहावयाचे तर ते प्रयोगाच्या घडणीतून आणि शब्दांतूनच वाचावे लागेल.

त्याचा काळ मात्र निश्चित करता येतो. १७४१ मध्ये रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर रतनपूरवर चालून गेले. १७५८ च्या सुमारास बिंबाजी भोसले तेथे राहून कारभार पाहू लागले आणि १७८७ मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंत तेथेच राहिले. मोडी लिपी आणि दसऱ्याला सोने वाटण्याची चाल त्यांच्या काळात या प्रदेशात रुजली, असे छत्तीसगढचे इतिहासकार मानतात. दुसरी गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. दसरा हा सीमोल्लंघनाचा, मोहिमेस निघण्याचा सण. जी फौज दसऱ्याला बाहेर पडते तिला पावसाळ्यात छावणी करून बसावे लागते. आणि शिपायाला गाण्यासाठी खरा अवकाश मिळतो तो या बसून राहण्याच्या महिन्यांत.

छावणीतील शिपाई हा गीतांचा वाहक होता, याला त्याच काळातील एक साक्ष आहे. टॉमस ब्राउटन हा इंग्रज अधिकारी १८०९ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीसोबत होता. त्याच्या पत्रांचा ग्रंथ १८१३ मध्ये निघाला. पुढच्याच वर्षी त्याने हिंदी लोकप्रिय कवितेचा एक संग्रह प्रसिद्ध केला. त्यातील बरीच सामग्री त्याने शिपायांच्या तोंडून टिपून घेतली होती. हे शिपाई कंपनीच्या पलटणीचे होते आणि त्यांची कविता मराठी नव्हती. मराठ्यांची छावणी ही एकभाषिक जागा नव्हती, हे यावरून ध्यानात घ्यावयाचे. नागपूरच्या फौजेतही अरब होते. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईत त्यांचा मोठा भाग होता. म्हणून ‘मराठा फौजेतला शिपाई’ आणि ‘मराठी बोलणारा शाहीर’ ही समीकरणे सरसकट जुळवणे धोक्याचे आहे.

नाचाच्या जुन्या रूपाला ‘खडे साज’ म्हणतात. चिकारा, कमरेला बांधलेला तबला आणि मंजिरा घेऊन वादक उभे राहत. मशालीच्या उजेडात नाचणाऱ्यांच्या मागेपुढे सरकत वाजवीत. तमाशातही ढोलकीवाला आणि तुणतुणेवाला उभाच असतो. भंडारा-गोंदिया या परिसरात जो प्रकार आजही चालतो त्याचे तर नावच ‘खडी गंमत’. नकाशावर पाहिले तर नागपूर, भंडारा, राजनांदगाव, रायपूर ही एकच वाट आहे, आणि या वाटेवर ‘खडे’ हे विशेषण दोन्ही भाषांत टिकलेले दिसते. ईशस्तवन किंवा पुरुषाने स्त्रीभूमिका करणे ही साम्ये मला फारशी बोलकी वाटत नाहीत. ती अर्ध्या भारताच्या लोकनाट्यांत आढळतात. पण वाद्य अंगाला बांधून उभे राहणे ही चालत्या माणसाची सवय आहे. ज्याला रंगमंच नाही, ज्याचा मुक्काम उद्या हलणार आहे, त्याचे ते वादन. अर्थात गावोगाव फिरणारा भिक्षेकरीही असाच वाजवतो, हेही विसरता येत नाही.

शब्दाची साक्ष याहून बळकट. नाचातील विनोदी प्रसंगाला छत्तीसगढीत ‘गम्मत’ म्हणतात. मराठीत हा शब्द मौज या सामान्य अर्थाने रूढ आहेच. परंतु विदर्भात तो प्रयोगाचे नाव म्हणूनही वावरतो. छत्तीसगढीने नेमका हा दुसरा अर्थ जवळ केला आहे. सोंगाड्याला मात्र तेथे ‘जोक्कड’ आणि नाच्याला ‘परी’ म्हणतात. प्रकाराचे नाव बाहेरून आले, पात्रांची नावे आली नाहीत. लावणीही आली नाही. मराठी भाषा तर मुळीच नाही. नाचा नखशिखांत छत्तीसगढी आहे.

यावरून माझे मत असे की या पुरख्याला दात्याच्या भूमिकेत उभे करणे चूक ठरेल. तो येण्यापूर्वी हा प्रदेश गाण्यावाचून नव्हता, युद्धगीतांवाचूनही नव्हता. देवार हे रतनपूरच्या राजांशी नाते सांगणारे गायक. कल्याणसायच्या दरबारातील वीर गोपालराय याची कथा ते गात आले. त्यांच्यात रायपुरिया देवारांचे वाद्य सारंगी, तर रतनपुरियांचे ढुंगरू, असा भेदही आहे. शिपाई आला तो अशा जाणत्या श्रोत्यांसमोर. त्यांना हसवायचे तर त्यांच्याच बोलीत बोलणे त्याला भाग होते.

१८१८ मध्ये इंग्रजांनी छत्तीसगढचा कारभार हाती घेतला, ॲग्न्यूने राजधानी रतनपूरहून रायपूरला आणली. १८३० मध्ये प्रदेश भोसल्यांकडे परत गेला, आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्यच खालसा झाले. फौजेचा आश्रय संपला. यानंतर हा कलावंत शिपाई म्हणून दिसत नाही. दिसतो तो गावचा नाचकार, आणि त्याचे यजमान मालगुजार.

अशाच एका मालगुजार घराण्यात, राजनांदगावजवळच्या रवेली गावी, १९११ मध्ये दुलारसिंह साव ऊर्फ दाऊ मंदराजी जन्मले. घरच्यांचा विरोध पत्करून १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी रवेली नाच पार्टी उभी केली आणि पुढे आपली मालमत्ता तिच्यात घालवली. नाचाचा आधुनिक इतिहास त्यांच्यापासून मोजतात. त्यांनी चिकाऱ्याच्या जागी हार्मोनियम आणली, मशालीऐवजी पेट्रोमॅक्सचा उजेड घेतला. हबीब तन्वीर यांनी १९७३ मध्ये रायपूरला नाचाची कार्यशाळा घेतली आणि ‘गाँव का नाम ससुराल, मोर नाम दामाद’ हे नाटक उभे केले, तेव्हा त्यांच्यासमोरचे कलावंत या बदललेल्या नाचात वाढलेले होते. हार्मोनियम कमरेला बांधून रात्रभर वाजवता येत नाही. वादक खाली बसले आणि ‘खडे साज’ची जागा ‘बैठक साज’ने घेतली. विदर्भातील गंमतवाले मात्र अजून उभेच आहेत.