मसाला कुणाच्या हातचा?



चैत्र-वैशाख आला की आपल्या पेठच्या घरोघरी एकच विषय निघतो. मिरच्या आणून, वाळवून मसाला कांडायचा, की दुकानातून पाकीट आणायचं? मटणाला, कोंबडीला, चुलीच्या धुरावर टांगून सुकवायच्या मासळीला चोळायला हाताशी काय ठेवायचं? आज आपण हा प्रश्न जरा मागे जाऊन बघू. मसाला आपल्या चुलीपर्यंत आला कसा आणि पाकिटात गेला कसा, ते समजलं की निवड करणं सोपं जातं.

पहिली गोष्ट मिरचीची. ती आपली वाटते, पण ती आहे अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती आपल्या किनाऱ्यावर आली. त्याआधी तिखटपणा यायचा तो मिरी, पिंपळी आणि आल्यातून. ‘मिरची’ हे नावही ‘मिरी’वरूनच पडलेलं आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्यात मांस भाजायच्या कृती आहेत. हिंग, आलं, मिरी, मीठ आहे, पण मिरची नाही. म्हणजे मांसाला मसाला चोळून विस्तवावर धरायची रीत मिरचीपेक्षा कितीतरी जुनी.

मिरची आली आणि बाजी मारून गेली. कारण साधं होतं. मिरी विकत घ्यावी लागायची, मिरची परसात लागली. गरिबाच्या भाकरीला तिखट मिळालं ते तेव्हापासून.

गोव्यात तर मिरची आणि धूर एकत्र नांदले. तिथल्या ख्रिस्ती घरांत चोरीस करतात. डुकराच्या मांसाला आधी मीठ लावून पाणी काढतात. मग मिरची, लसूण, आलं, जिरं, मिरी, लवंग, दालचिनी व्हिनेगरमध्ये वाटून ते मांसाला चोळतात. मुरलं की आतड्यात भरून उन्हात आणि धुरावर सुकवतात. पावसाळ्यात मासेमारी बंद असताना हीच बेगमी कामाला येते. हिशोब आपल्यासारखाच आहे: पाऊस लागायच्या आत घरात काहीतरी टिकाऊ हवं.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घेऊ. मांस टिकतं ते मसाल्यामुळे नाही. मीठ आतलं पाणी ओढून घेतं, वाळवण उरलेलं काढतं आणि धुरातले काही घटक जंतूंना वाढू देत नाहीत. मसाला मुख्यतः चवीसाठी. म्हणून नुसता मसाला भरपूर चोळला आणि मीठ कमी पडलं, तर मांस नासणारच. मसाल्यात ओला लसूण किंवा ओलं खोबरं असेल तर आणखी लवकर.

आता पाकिटाची गोष्ट. मुंबईत गिरगावात बेडेकरांनी १९१० मध्ये दुकान सुरू केलं आणि पुढे मसाले, लोणची विकू लागले. सियालकोटमध्ये १९१९ साली मसाल्याचं एक दुकान निघालं. फाळणीनंतर ते घराणं दिल्लीला आलं आणि त्याचं नाव देशभर झालं. पुण्यात १९६२ साली हुकमीचंद चोरडिया यांनी पत्नी कमलबाई यांच्या साथीने प्रवीण मसालेवाले हा उद्योग सुरू केला. शहरात खोल्या लहान होत्या. पाटा-वरवंटा ठेवायला आणि मिरच्या वाळवायला जागा नव्हती. त्यामुळे पाकीट खपलं.

म्हणजे पाकिटात कोणाचं ज्ञान आहे? धणे किती भाजायचे, दगडफूल किती घालायचं, मिरची कोणती रंगाची आणि कोणती तिखटाची, हे पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी ठरवलेलं आहे. कारखान्याने त्याला वजन आणि नाव दिलं. आपण फुकट करत होतो त्या कामाला बाजारात किंमत आली, पण बहुतेक वेळा ती आपल्या हातात आली नाही.

याला उलट उदाहरणही आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तीच लिज्जत. पुढे त्यांनी मसालेही काढले. मालक कोण? काम करणाऱ्या बहिणीच.

मग घरचा चांगला की विकतचा? घरचा आहे म्हणून तो आपोआप शुद्ध होत नाही. मिरची ओलसर राहिली तर बुरशी धरते आणि ते विष भाजल्यानेही पुरतं जात नाही. विकतचा पाकीटबंद आहे म्हणून निर्धोक असतो असंही नाही. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँगच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने भारतातल्या दोन मोठ्या कंपन्यांच्या काही मसाल्यांत इथिलीन ऑक्साइड हे घातक रसायन सापडल्याचं सांगून विक्री थांबवली. कंपन्यांनी आपला माल सुरक्षित असल्याचं म्हटलं. पण आपल्याला धडा मिळाला: पाकीट वाचून घ्या. त्यावर घटक जास्त ते कमी अशा क्रमाने लिहिलेले असतात. मीठ वरच्या नंबरात असेल तर तुम्ही मसाल्याच्या भावाने मीठ घेताय. मांसाला चोळताना वेगळं मीठही मग जपून घाला. सुटी मिरची पावडर पाण्यावर भुरभुरा. रंगाच्या रेषा खाली उतरल्या तर रंग मिसळलेला समजा.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. दिवाळीनंतर कितीतरी घरं द्राक्षाच्या कामाला दिंडोरी, निफाडकडे जातात. तिथे पालावर उखळ कुठून आणणार? दिवसभर बागेत राबून आलेली बाई पाच रुपयांची पुडी फोडते. तिला नावं ठेवायचं कारण नाही. तिच्याकडे वेळ नाही, हे कारण आहे. म्हणूनच गटाने एकत्र मसाला केला तर तो निघताना तिच्या गाठोड्यात जाऊ शकतो.

करायचा तर हिशोब पक्का करा. मिरची, धणे, कांडप, सरपण हे सगळं लिहाच, पण वाळवायला, निवडायला, भाजायला लागलेले दिवसही मजुरीच्या भावाने लिहा. मजुरी धरली नाही तर मसाला स्वस्त दिसतो आणि बाई फुकटात जाते. विकायचा असेल तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजना २०२० साली आली. तिच्यात बचतगटाच्या सभासदामागे ४० हजार रुपयांपर्यंत बीजभांडवलाची सोय ठेवली होती. आज काय मिळतं, ते तालुक्याला विचारून घ्या.

पुढच्या बैठकीत एवढंच करा. प्रत्येकीने आपल्या घरचा मसाला चिमूटभर आणा, कृती मोठ्याने सांगा आणि एकीने वहीत उतरवा. कृतीखाली सांगणारीचं नाव लिहायला विसरू नका. आजवर तेवढंच राहून गेलंय.