बंदुकीची पावती

आमच्या घरातली बंदूक विकायचं ठरलं तेव्हा अब्बा ऐंशीच्या घरात पोचले होते. बंदूक साधीच. बारा बोअरची, दोन नळ्यांची, छर्ऱ्याची काडतुसं लागणारी. रानडुकरं एका रात्रीत भुईमुगाचं शेत उकरून जातात, म्हणून अब्बांनी कधीकाळी परवाना काढला होता. त्यांनी ती हवेत उडवलेली मी दोन-तीनदा ऐकली असेल. एरवी ती भिंतीवर असायची, नाहीतर निवडणुकीच्या आधी ठाण्यात जमा व्हायची. मतमोजणी झाली की अब्बा पावती घेऊन जायचे आणि तिला परत आणायचे.

अब्बा म्हणाले, “तुझ्या नावावर करून घे.” तशी सोय आहे. परवानाधारकानं सत्तरी गाठली किंवा शस्त्र त्याच्याकडे पंचवीस वर्षं राहिलं, तर त्याच्या हयातीतच वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. मी नाही म्हणालो. कविता लिहिणाऱ्या माणसानं बंदूक घेऊन करायचं काय? अब्बा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “तर मग विक. पण कायद्यानं विक. आणि पावती घे.”

आपल्याकडे जनावरांच्या बाजारात रुमालाखाली हात घालून सौदा होतो. बोटं दाबली की भाव कळतो, बैल दुसऱ्याच्या दावणीला जातो. बंदूक अशी रुमालाखाली विकता येत नाही. स्वतःच्या वापरासाठी घेतलेलं शस्त्र व्यापारी नसलेल्या माणसालाही विकता येतं, पण 1959 च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमानं त्याला एक अट घातली आहे. विकणाऱ्यानं आधी जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याच्या अधिकाऱ्याला लेखी कळवायचं, की मी हे शस्त्र अमुक नावाच्या, अमुक पत्त्यावरच्या माणसाला विकणार आहे. त्यानंतर किमान 45 दिवस थांबायचं. तोवर बंदूक आपल्याच घरात, आपल्याच जबाबदारीवर. उरलेल्या काडतुसांनाही हाच नियम.

घेणारा मिळाला तो पलीकडच्या गावचा शेतकरी. त्याचीही डुकरांचीच तक्रार. त्याच्याकडे परवाना होता, पण तेवढ्यावर भागत नाही. परवाना चालू आहे का, तो याच प्रकारच्या शस्त्रासाठी आहे का, शस्त्र घेण्याची त्यावरची मुदत टळून तर गेली नाही, हे विकणाऱ्यानं आधी पाहायचं असतं. समोरच्याला शस्त्र बाळगण्याचा हक्क आहे याची खात्री न करता ते त्याच्या हाती देणं हा देणाऱ्याचाच गुन्हा ठरतो. मी त्याच्या परवान्याची प्रत घेतली. बंदुकीचा नंबर, बनावट, बोअर लिहून अर्ज केला, दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली आणि दिवस मोजायला लागलो.

त्या 45 दिवसांत अब्बा बोलते झाले.

1948 साली ते दहा वर्षांचे होते. आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान, त्यांच्याच नावानं उस्मानाबाद. लातूर त्या वेळी याच जिल्ह्यात होतं आणि रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरलाच वकिली करायचा. कायदा शिकलेल्या माणसानं कायद्याबाहेरची फौज उभी केली आणि गावोगावच्या पोरांच्या हाती शस्त्रं आली. कुणी दिली, कुणाला दिली, कशासाठी दिली, याचा हिशेब कुणी ठेवायचा? त्या शस्त्रांनी खेडी जाळली, माणसं मारली. आमच्या जमातीतल्या पुष्कळांना त्याची लाज वाटत होती, पण बोलायची सोय नव्हती.

13 सप्टेंबरला सोलापूरकडून भारतीय फौज आली. पहिल्याच दिवशी नळदुर्ग पडलं. 17 तारखेला निजामानं शरणागती जाहीर केली. तो दिवस आपण मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो, मीही पाळतो. पण त्यानंतरचे काही आठवडे आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलून दाखवत नसे. रझाकारांच्या पापाची किंमत, ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता अशांनीही मोजली. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं त्याच वर्षाच्या अखेरीस फिरून पाहणी केली. संस्थानात किमान 27 ते 40 हजार माणसं मेली असावीत असा तिचा अंदाज होता, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद होतं. तो अहवाल पुढे कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही.

माझ्या आजोबांकडे ठासणीची एक जुनी बंदूक होती. गावात आलेल्या माणसांनी शस्त्रं जमा करा म्हणून सांगितलं. आजोबा स्वतः जाऊन देऊन आले. पावती मागितली तर कुणी दिली नाही. पुढे कित्येक महिने त्यांना विचारणा होत राहिली, “तुमच्याकडे बंदूक होती, ती कुठंय?” दिली, हे सांगायला त्यांच्याकडे शब्दाशिवाय काही नव्हतं, आणि त्या दिवसांत आमच्यासारख्यांच्या शब्दाला काय वजन? शेजारचे पाटील मध्ये पडले, “माझ्यादेखत दिली” म्हणाले, म्हणून आजोबा सुटले. अब्बांनी आयुष्यभर प्रत्येक कागद पत्र्याच्या पेटीत का जपला, ते मला त्या दिवशी कळलं.

शस्त्राच्या कायद्याबद्दल माझ्या मनात तोवर अढीच होती. त्याचा पूर्वज 1878 चा. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी त्या एकाच वर्षात देशी भाषांतल्या वृत्तपत्रांना वेसण घातली आणि हिंदी माणसाच्या हातातलं शस्त्रही परवान्याला बांधलं. गोऱ्यांना मोकळीक होती. वृत्तपत्रांचा कायदा चार वर्षांत गेला, शस्त्रांचा मात्र राहिला. म्हणूनच 1931 च्या कराची काँग्रेसच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही मागितलेला दिसतो. स्वतंत्र भारतानं 1959 मध्ये नवा कायदा केला, तो 1 ऑक्टोबर 1962 पासून लागू झाला. परवाना राहिला, पण कातडीचा रंग पाहणं गेलं.

लिटनच्या कायद्याला भीती होती ती माणसाची. विक्रीच्या या कलमात मला वेगळी काळजी दिसते. शस्त्र एका हातातून दुसऱ्या हातात जाताना दोन्ही हातांना नाव असावं, एवढंच ते मागतं. 1948 मध्ये आधी शस्त्रं बिननावाची फिरली आणि मग माणसंही बिननावाची झाली. कुणी रझाकार, कुणी काफर. तो कोण, कुणाचा, त्यानं काय केलं, हे कुणी विचारलं नाही. कागदानं माणूस चांगला होत नाही हे मला ठाऊक आहे. पण वेळ फिरली की कागद साक्ष देतो, आणि पाटलांसारखा शेजारी दरवेळी मिळतोच असं नाही.

मुदत संपली. हरकत आली नाही. घेणाऱ्याच्या परवान्यावर बंदुकीचा नंबर चढला, आमच्या परवान्यावरून उतरला. आता प्रत्येक परवान्याला देशपातळीवर ओळख क्रमांक असतो, त्यामुळे ही नोंद नुसत्या वहीत राहत नाही. किंमत ठरली होती त्यापेक्षा थोडी कमीच मिळाली. मी घासाघीस केली नाही.

घरी आलो तेव्हा अब्बा अंगणात बाजेवर बसले होते. पैसे किती मिळाले, हे त्यांनी विचारलं नाही.

“पावती?”

मी दिली. त्यांनी चष्मा लावून ती पूर्ण वाचली. घेणाऱ्याचं नाव, गाव, बंदुकीचा नंबर, तारीख. मग घडी घालून म्हणाले, “ही पेटीत ठेव. माझ्या बापाच्या कागदांवर.”

पेटीत आजोबांचे कागद होते. जमिनीचे, शेतसाऱ्याचे, काही उर्दूत, काही मोडीत. त्यात बंदुकीचा एकही नव्हता. मी पावती त्या गठ्ठ्यावर ठेवली आणि झाकण लावलं.