मुलांचे वागणे आणि मन: सुरुवात बालरोगतज्ज्ञांकडूनच का करावी?

समजा, दहा वर्षांच्या मुलीचे पोट महिनाभर दुखते आहे. रक्त, लघवी, सोनोग्राफी, सगळे रिपोर्ट नॉर्मल आले आहेत. रविवारी दुखत नाही, सुट्टीत दुखत नाही. सोमवारी शाळेची रिक्षा यायच्या वेळी मात्र ती पोट धरून बसते. घरात कुणी म्हणते, "नाटक आहे." कुणी म्हणते, "दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू." दोन्हींत चूक होऊ शकते. तिचे पोट खरेच दुखत असते, पण कारण पोटात नसून वर्गातल्या एखाद्या भीतीत असू शकते.

अशा वेळी कुठे जायचे हे पालकांना कळत नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला मन धजत नाही, आणि पोटदुखीचे औषध तर घेऊन झालेले असते. मधे महिने जातात. खरे तर पहिले दार तुमच्या ओळखीचेच आहे: ज्या बालरोगतज्ज्ञांनी मुलीला लशी दिल्या, ताप-खोकला पाहिला, त्यांचा दवाखाना.

एकत्रित काळजी म्हणजे काय?

बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यातच वजन-उंचीबरोबर मुलाच्या वागण्याची, भावनांची, झोपेची आणि अभ्यासाची चौकशी होणे, आणि गरज पडल्यास तिथूनच पुढची मदत जोडून मिळणे, याला एकत्रित काळजी म्हणतात.

अमेरिकेत ही पद्धत बरीच रुजली आहे. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या शिफारशीनुसार ९, १८ आणि ३० महिन्यांना विकासाची, १८ आणि २४ महिन्यांना स्वमग्नतेची (ऑटिझम), आणि १२ व्या वर्षापासून दरवर्षी नैराश्याची चाचपणी करायची असते. काही दवाखान्यांत समुपदेशक त्याच छताखाली बसतात; डॉक्टर पालकांना स्वतः त्यांच्या खोलीपर्यंत नेऊन ओळख करून देतात. मॅसॅच्युसेट्स राज्यात २००४ पासून बालरोगतज्ज्ञांना बालमानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला फोनवर मिळण्याची सोय आहे.

आपल्याकडे अशी पूर्ण व्यवस्था मोजक्या ठिकाणीच, मुख्यतः मोठ्या रुग्णालयांत आणि बालविकास केंद्रांत दिसते. पण तिची पहिली पायरी, म्हणजे वेळेवर विचारणे, कोणत्याही दवाखान्यात शक्य आहे. त्यासाठी तुम्ही विषय काढणे महत्त्वाचे.

सुरुवात इथूनच का?

- शारीरिक कारण आधी तपासता येते. "ऐकतच नाही" अशा मुलाला खरेच कमी ऐकू येत असेल. चिडचिड आणि लक्ष न लागण्यामागे रक्ताची कमतरता किंवा थायरॉइडचा विकार असू शकतो. अ‍ॅडेनॉइड वाढल्याने रात्री घोरणाऱ्या मुलाची झोप पुरी होत नाही आणि ते दिवसा चंचल दिसते. फिट्सच्या काही औषधांनीही वागणे बदलते.
- डॉक्टर मुलाला ओळखतात. पूर्वीचे मूल आणि आजचे मूल यांतला फरक त्यांना दिसतो.
- संकोच कमी वाटतो. नेहमीच्या दवाखान्यात जाताना नातेवाइकांना उत्तरे द्यावी लागत नाहीत.
- वेळ वाचतो. बालमानसोपचारतज्ज्ञ कमी आहेत आणि बहुतेक मोठ्या शहरांत आहेत.

वेळेला महत्त्व आहे, कारण जागतिक आरोग्य संघटनेनुसार साधारण निम्मे मानसिक विकार वयाच्या १४ वर्षांपर्यंत सुरू होतात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात हे प्रमाण ७.३ टक्के आढळले.

कोणत्या वयात काय विचारावे?

लशीची तारीख तुम्ही विसरत नाही. त्याच भेटीत हेही विचारा.

- ९ महिने (गोवर-रुबेला लस): बाळ आधाराशिवाय बसते का? नावाने हाक मारल्यावर वळून पाहते का? हसल्यावर हसते का?
- १६ ते २४ महिने (बूस्टर): हवी ती वस्तू बोटाने दाखवते का? आवडलेली गोष्ट तुम्हालाही दाखवायला आणते का? दोन वर्षांचे होईपर्यंत दोन शब्द जोडते का? "मुलगे उशिराच बोलतात" असे म्हणून वाट पाहू नका. येत असलेले शब्द बंद झाले, तर कोणत्याही वयात लगेच दाखवा.
- ५ ते ६ वर्षे: इतर मुलांबरोबर खेळते का? बोलणे परक्या माणसाला कळते का? चंचलता घरी आणि शाळेत दोन्हीकडे आहे, की एकाच ठिकाणी?
- शाळेची वर्षे: वाचन-लेखन खूप मागे आहे का? शाळेच्या दिवशीच डोके किंवा पोट दुखते का? सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय परत आली का?
- १० आणि १६ वर्षे (धनुर्वात-घटसर्प लस): झोप, भूक, मित्र, आवडीचे खेळ यांत अचानक बदल झाला का? या वयात मुलाला डॉक्टरांशी थोडा वेळ एकट्याने बोलू द्या.

दवाखान्यात नेमके काय होते?

बहुधा एक प्रश्नावली भरायला देतात. त्रिवेंद्रमच्या बालविकास केंद्राने तयार केलेला तक्ता १७ मुद्द्यांचा असून दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी आहे. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी स्वमग्नतेची २० प्रश्नांची यादी वापरतात. मोठ्या मुलांसाठी भावना आणि वर्तनाची २५ प्रश्नांची यादी असते. ती पालक आणि शिक्षक दोघेही भरू शकतात.

एक गोष्ट लक्षात ठेवा: ही चाळणी आहे, निदान नाही. गुण जास्त आले म्हणजे आजार ठरला असे नाही. नीट तपासणी हवी, एवढाच त्याचा अर्थ.

त्यानंतर सहसा तीनपैकी एक वाट निघते. घरी आणि शाळेत काही बदल करून ठरावीक दिवसांनी परत बोलावतात; किंवा समुपदेशन सुरू होते; किंवा तज्ज्ञांकडे पाठवतात. "आता गोळ्या लागणार" ही भीती बहुतेक वेळा अनाठायी असते. अतिचंचलतेतही सहा वर्षांखालील मुलांसाठी पहिला उपचार म्हणजे पालकांना वागणूक हाताळण्याचे प्रशिक्षण. मोठ्या मुलांना औषध लागलेच, तर ते कशासाठी आणि किती दिवस, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

भेटीची तयारी

गर्दीच्या ओपीडीत दहा मिनिटांत हे बोलणे होत नाही. आधी फोन करून सांगा: "ताप-खोकला नाही, मुलीच्या वागण्याबद्दल बोलायचे आहे, थोडा जास्त वेळ हवा." सोबत एवढे न्या:

- दोन आठवड्यांची नोंद: त्रास केव्हा झाला, त्याआधी काय घडले, किती वेळ टिकला.
- लहान मुलाचे वागणे दाखवणारा मोबाइलवरचा छोटा व्हिडिओ.
- शाळेची वही, प्रगतिपुस्तक, शिक्षकांचे म्हणणे.
- आधीचे रिपोर्ट आणि चालू औषधे.
- घरातले बदल: बदली, आजारपण, मृत्यू, भांडणे, नवे भावंड. हे सांगायला जड जाते, पण उत्तर अनेकदा इथेच असते.

मुलासमोर त्याच्या तक्रारींची यादी वाचू नका. डॉक्टरांना आधी एकटे भेटा किंवा लिहून द्या. "मोठा झाला की होईल नीट" असे उत्तर मिळाले, तर शांतपणे विचारा: "किती दिवस वाट पाहायची? काय दिसले तर आधी यायचे?" या दोन प्रश्नांची उत्तरे घेऊनच उठा.

पुढे कुणाकडे?

वागणे आणि भावनांसाठी समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ, बोलण्यासाठी वाचा-उपचारतज्ज्ञ, दैनंदिन कौशल्यांसाठी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, आणि निदान व औषधांसाठी बालमानसोपचारतज्ज्ञ.

खर्च परवडत नसेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकशी करा. त्याची सुरुवात २०१३ मध्ये पालघर येथून झाली. त्याची पथके अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत मुलांची तपासणी करतात, आणि विकासात मागे असलेल्या मुलांना जिल्हा स्तरावरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. तिथे उपचार मोफत आहेत. अंगणवाडी सेविका किंवा आशाताई याची माहिती देऊ शकतात.

कुठेही गेलात तरी चिठ्ठी घेऊन जा आणि तिथला अहवाल घेऊन आपल्या बालरोगतज्ज्ञांकडे परत या. हा परतीचा फेरा अनेक जण टाळतात, आणि उपचार अर्धवट राहतात.

मुलाने सांगितलेले गुप्त राहते का?

किशोरवयीन मुलाने विश्वासाने सांगितलेले डॉक्टर सहसा परस्पर उघड करत नाहीत. अपवाद जिवाला धोका असण्याचा आणि लैंगिक अत्याचाराचा. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार अशा अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. डॉक्टरांनी हे मुलाला सुरुवातीलाच सांगितलेले बरे.

वाट पाहू नका, लगेच मदत घ्या

- मूल "मला जगायचे नाही" असे बोलते, लिहिते किंवा स्वतःला इजा करते.
- नसलेले आवाज ऐकू येतात किंवा एकाएकी असंबद्ध बोलू लागते.
- खाणे जवळजवळ बंद झाले आहे, वजन झपाट्याने घटते आहे.
- अत्याचाराची शंका आहे.

मुलाला एकटे सोडू नका. घरातली कीटकनाशके आणि औषधे कुलुपात ठेवा. "जीव द्यावासा वाटतो का?" असे थेट विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट बोलायला वाट मिळते. टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत सल्ला मिळतो. बालकांसाठी १०९८ हा मदत क्रमांक आहे. जिवाला धोका असेल तर थेट जवळच्या रुग्णालयात जा.

त्या मुलीचे पुढे काय?

पोटदुखीने रात्री झोपेतून जाग येणे, वजन घटणे, शौचातून रक्त, वारंवार उलट्या किंवा ताप असेल, तर पोटाचा तपास पुढे न्यावाच लागतो. यापैकी काही नसेल, तर डॉक्टर तिच्याशी एकटीशी बोलतील. कदाचित वर्गातली चिडवाचिडवी कळेल, कदाचित गणिताच्या तासाची भीती. मग शिक्षकांशी बोलणे, भीती हाताळायला शिकवणे आणि शाळा न बुडवता हळूहळू पूर्ववत करणे, असा बेत ठरतो. घरी राहू दिल्याने त्या दिवशी पोट थांबते, पण भीती वाढते.

तिला सर्वांत आधी ऐकायचे असते ते एवढेच: "तुझे पोट दुखते, हे आम्हाला खरे वाटते." ते तुम्ही आजच सांगू शकता.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. आपल्या मुलाच्या बाबतीतला निर्णय डॉक्टरांच्या प्रत्यक्ष तपासणीनंतरच घ्यावा.)